हॉटेलाच्या दारात मांडलेलं धुणं

मी एक जुनी तांब्याची डेग आहे, मित्रांनो. कपडे उकळायची डेग. माझ्याकडे बघून तुम्हाला वाटेल, ही हिरवी पडलेली, पोचे आलेली, एका बाजूला कललेली म्हातारी काय सांगणार! पण जरा जवळ या. माझं पोट मोठं आहे आणि त्यात गोष्टीही तेवढ्याच मावल्यात. त्यातल्या बऱ्याचशा खऱ्यासुद्धा आहेत.

माझा जन्म न्यूझीलंडच्या दक्षिणेला, डनेडिन बंदरातल्या एका तांबटाच्या दुकानात झाला. तो मला ठोकायला बसला की असा आवाज व्हायचा, असा आवाज व्हायचा, की बंदरात शिरणाऱ्या जहाजांना वाटायचं तोफा सुटल्या, आणि ती बिचारी आल्यापावली परत फिरायची. शेवटी बंदराचे साहेब हात जोडून आले. म्हणाले, "बाबा रे, आटप ती डेग, व्यापार बुडायला आलाय." म्हणून तर माझ्या बुडाशी चार ठोके कमी पडलेत. हात लावून बघा, कळेल.

तिथून बैलगाडीतून डोंगर चढत मी काल्डर क्रीकला आले. तिथलं सोनं कधीच संपलं होतं. उरल्या होत्या मेंढ्या, वारा आणि जायला दुसरीकडे जागा नाही अशी माणसं. टिबी मॅक्रोरी नावाच्या बाईनं मला मागवलं होतं. टिबी म्हणजे उंच, काटक, कोपरापर्यंत कायम लालभडक हात. तिचा नवरा वर्षभर या कुरणावरून त्या कुरणावर मेंढ्या कातरत फिरायचा. घरात टिबी आणि तिची सासू, ग्रिझेल आजी. मागच्या अंगणात विटांचं चुलाण बांधून टिबीनं मला त्यात बसवलं, खाली जाळ घातला, आणि माझा संसार सुरू झाला.

काल्डर क्रीकमध्ये रविवार देवाचा आणि सोमवार माझा. सोमवारी उजाडायच्या आत गावातल्या बाया गाठोडी घेऊन माझ्याकडे यायच्या, कारण माझ्याएवढी डेग पंचक्रोशीत नव्हती. साबण किसायचा, सोडा टाकायचा, लाकडी दांडक्यानं ढवळत राहायचं. मग खळबळून काढायचं, नीळ घालायची, खळ द्यायची, चरकातून पिळायचं आणि दोरीवर टाकायचं. सोमवारी कुणाच्या घरी चूल पेटायची नाही. कालचं थंड मटण खायचं आणि गप्प बसायचं, हा पुरुषांचा सोमवार. बऱ्याच जणांना कपड्यांचा जोडच एक. त्यामुळे सोमवारी अर्धं गाव घोंगडी गुंडाळून घरात बसलेलं असायचं.

एकदा कुणाचातरी मेंढा उडी मारून माझ्यात पडला. बाहेर काढला तेव्हा इतका पांढराशुभ्र झाला होता की बाकीच्या मेंढ्या त्याला वाट सोडून उभ्या राहायच्या. खोटं वाटतंय? विचारा त्या मेंढ्यांना.

आणि काय त्या बायांच्या गप्पा!

"अगं, ही तुझ्या नवऱ्याची चड्डी आहे की तंबू?"

"तंबूच. आतला माणूसही तसलाच. वारा आला की फुगतो."

हसून हसून बाया माझ्यात पडायच्या बाकी राहायच्या. पण हसता हसता दुसरंही बोलणं चालायचं. कुणीतरी आठवड्याचं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचं. बायकांना मत द्यायचा हक्क मिळावा म्हणून देशभर अर्ज फिरत होते. आमच्या गावचे कागद टिबीनं दारोदार नेले. धुण्याला आलेल्या बायांनी तर माझ्याच लाकडी झाकणावर कागद ठेवून सह्या केल्या. संसदेत गेलेल्या त्या कागदांत काही जरा फुगलेले दिसले असतील, तर ती माझी वाफ, बरं का.

ग्रिझेल आजी सगळ्यांत शेवटी सही करायला उठली. एरवी ती उपड्या टबावर बसायची, पाठ माझ्या गरम विटांना टेकून, हातात विणकाम. वय ब्याऐंशी. काल्डर क्रीकमध्ये जन्मलेल्या प्रत्येक पोराला पहिली आंघोळ तिनं घातलेली, मी आल्यापासून तर माझ्याच पाण्यानं. सही करून ती म्हणाली, "बापानं न विचारता लग्न लावलं. नवऱ्यानं न विचारता बोटीत बसवलं. मुलानं न विचारता या डोंगरात आणून ठेवलं. चांगली माणसं होती हो तिघंही. पण विचारलं कुणी नाही. मरायच्या आधी एकदा कुणीतरी समोर बसून मला विचारू दे, की बाई, तुला काय वाटतं?"

टिबी दुप्पट जोरानं ढवळायला लागली.

आणि मित्रांनो, तो कायदा झाला की! बातमी आली त्या दिवशी बायांनी माझ्यावर पळ्या बडवून असा गोंगाट केला की पलीकडच्या डोंगरावरचा बर्फ घसरून खाली आला. पण कायदा झाला म्हणजे काम झालं असं नसतं. मत द्यायचं तर यादीत नाव हवं. नाव लावून घ्यायचं तर नोंदणीच्या साहेबांसमोर जाऊन सही करायला हवी. निवडणूक तोंडावर आलेली, शहर दिवसभराच्या वाटेवर, आणि साहेब आमच्या गावात फक्त एकदाच येणार होते.

गावात हॉस्किन नावाच्या माणसाचं हॉटेल होतं. खाली बार, वर चार खोल्या. बायका मत द्यायला लागल्या तर त्या पहिल्यांदा आपला बार बंद पाडतील, अशी त्याला धास्ती. त्यानं साहेबांना आधीच गाठलं. म्हणाला, "साहेब, माझ्याकडे या. टेबल देतो, जेवण देतो, पैसा घेणार नाही. सोमवारी या, सोमवारी मला सवड असते." साहेब बिचारे शहरातले. त्यांना काय माहीत!

चिठ्ठी चर्चच्या दारावर लागली. यादी बंद व्हायच्या आधीचा शेवटचा सोमवार. नोंदणी हॉस्किनच्या बारमध्ये. साहेबांची गाडी दुपारच्या चहाआधी निघणार.

बाया माझ्याभोवती जमल्या. सगळ्यांची तोंडं पडलेली.

"धुणं मंगळवारी करू," एक तरुण पोरगी म्हणाली.

पाद्रीणबाई प्रिंगल तिथं होत्या. त्यांनी छातीवर हात ठेवला. "मंगळवारी? मंगळवारी इस्त्री असते! लोक म्हणतील, या गावातल्या बाया लोळत पडतात."

"मग रविवारी?"

पाद्रीणबाईंना बसायला टब द्यावा लागला.

"आणि समजा धुणं सोडलं," टिबी म्हणाली, "तर पुढच्या रविवारी अख्खं गाव चर्चमध्ये घोंगडीवर येईल. शिवाय हॉटेलच्या चादरी माझ्याकडे आहेत. त्या चुकल्या की हॉस्किन धुण्याला दुसरी बाई बघणार. आणि एवढं करून तिथं गेलो, तर बारमध्ये पाय कोण ठेवणार?"

हे मात्र खरं होतं. बारमध्ये गेलेल्या बाईचं नाव आमच्या गावात वर्षभर चघळलं जायचं. पाद्रीणबाई तर त्या दारावरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडनं जायच्या.

"पुढच्या निवडणुकीला बघू," कुणीतरी पुटपुटलं. "तीनच वर्षांनी तर आहे."

सगळ्यांनी एकदम ग्रिझेल आजीकडे बघितलं. त्या हिवाळ्यात आजीला असा खोकला झाला होता की डॉक्टर टिबीला बाजूला घेऊन बोलले होते. आजीनं सुई थांबवली.

"माझ्याकडे काय बघताय? मला तीन वर्षांचं काही सांगता येत नाही," ती म्हणाली. "पण मला एक कळत नाही. सोमवारी धुणं करायचं ना? मग करू. कुठं करायचं हे बायबलात कुठं लिहिलंय?"

सोमवारी पहाटे टिबी कुदळ घेऊन आली. माझ्याभोवतीच्या विटा तिनं स्वतः बांधल्या होत्या. त्यांच्याकडे बघून तिनं एक मोठा श्वास घेतला आणि घाव घातला. मी बाहेर निघाले. दोरीला टेकू द्यायचे दोन लांब वासे माझ्या कड्यांतून घातले, आठ बायांनी खांद्यावर घेतलं, आणि निघाली माझी वरात! पुढे टिबी, मागे गाठोडी, चरक, नीळ, खळीची बादली, आणि सगळ्यांच्या मागून हातगाडीत बसवलेली ग्रिझेल आजी, मांडीवर विणकाम. गावातली कुत्री रांगेत उभी राहून बघत होती. एकही भुंकलं नाही, एवढा माझा थाट!

हॉस्किनच्या ओसरीसमोर, भर रस्त्यात, तीन दगड मांडून मला ठेवलं. खाली जाळ केला. ओसरीच्या खांबांना दोऱ्या बांधल्या. पहिल्या उकळीच्या चादरी दोरीवर गेल्या तेव्हा हॉस्किन बाहेर आला. अंगात नुसता गंजीफ्रॉक, सगळे शर्ट धुण्यात.

"हे काय चाललंय?"

"सोमवार," टिबी म्हणाली.

"भर रस्त्यात?"

"तुमच्या चादरींना इथनं जवळ पडतं, हॉस्किनभाऊ. तुमचीच सोय बघितली."

"रस्त्यात विस्तव करायला बंदी आहे! थांबा, हवालदाराला बोलावतो. डॉइग! ए डॉइग!"

समोरच्या घराची खिडकी थोडीशी उघडली. आत हवालदार डॉइग, गळ्यापर्यंत घोंगडी.

"बाहेर ये आणि या बायांना हटव!"

"येता येत नाही."

"का येत नाही? गणवेश घाल आणि ये!"

घोंगडीतून एक बोट बाहेर आलं आणि त्यानं माझ्याकडे दाखवलं. "गणवेश तिथं उकळतोय."

बाया हसू दाबायला लागल्या. "मग तसाच ये!" हॉस्किन ओरडला.

"गणवेशाशिवाय मी नुसता डॉइग आहे, भाऊ. नुसत्या डॉइगचं कोण ऐकतं? बायकोसुद्धा नाही ऐकत." खिडकी बंद.

सोमवार निवडताना हॉस्किननं बायांचा हिशेब बरोबर केला होता. पुरुषांचा करायला विसरला!

तो इतका भडकला की बादली उचलून त्यानं माझ्या जाळावर पाणी ओतलं. मित्रांनो, पेटत्या जाळावर एकदम पाणी ओतलं की काय होतं? राखेचा असा लोट उठला की गावाला क्षणभर वाटलं संध्याकाळ झाली. आणि तो लोट गेला कुठं? दोरीवर टाकलेल्या ओल्या, पांढऱ्या, हॉटेलच्या बारा चादरींवर.

टिबीनं चादरींकडे बघितलं. मग हॉस्किनकडे. "आता परत धुवाव्या लागतील," ती शांतपणे म्हणाली. "म्हणजे संध्याकाळपर्यंत आम्ही इथंच." आणि तिनं नवीन जाळ घातला.

इथवर सगळं झकास झालं. तोवर साहेबही येऊन बारमध्ये टेबल मांडून बसले होते. पण दार ओलांडायची वेळ आली आणि सगळ्यांचे पाय जड झाले. टिबीनं ओसरीवरून आत हाक मारली, "साहेब, जरा टेबल बाहेर घ्याल का?" आतून साहेबांचा आवाज आला, "माफ करा बाई, चिठ्ठीवर जागा लिहिली आहे तिथंच बसावं लागतं. आपण आत या." आत कपड्यांचा दुसरा जोड असलेले दहा-बारा पुरुष ग्लास घेऊन बसलेले. हॉस्किननं मुद्दाम बसवलेले. एकानं शीळ घातली. पाद्रीणबाई दोन पावलं मागे सरकल्या. त्यांच्यामागच्या बाया चार पावलं. ऊन चढत होतं. मी आपली उगाच बुडबुडे काढत होते. दुसरं काय करणार?

तेवढ्यात हातगाडी करकरली.

"आई, तुम्ही कुठं?" टिबी धावली.

"आत."

"अहो, लोक काय म्हणतील?"

"माझं वय ब्याऐंशी आहे, टिबी," आजी काठी टेकत म्हणाली. "आता माझं नाव खराब होऊन होऊन किती होणार?"

आणि ती गेली आत. दार सताड उघडं होतं, म्हणून मला सगळं दिसलं. भिंतीपाशी एक खुर्ची होती. आजी तिथं बसली, लोकर काढली, आणि चष्म्यावरून एकेकाकडे बघायला लागली.

"वॉली, टोपी काढ. तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुझ्या अंगावर टोपीच काय, काहीच नव्हतं. आणि शीळ कुणी घातली? तू का रे, हेक्टर? तू जन्मलास तेव्हा रडतसुद्धा नव्हतास, दोनदा चापट मारावी लागली. तिसरी हवी का?"

हेक्टरनं ग्लास खाली ठेवला. वॉलीनं टोपी काढली. मग एकेक खुर्ची सरकायला लागली. कुणाला गुरं आठवली, कुणाला कुंपण. मागच्या दारानं सगळे पसार! बारमध्ये उरली आजी, साहेब आणि घड्याळाची टिकटिक.

"प्रिंगलबाई," आजीनं आतून हाक मारली, "या आत. इथं आता चर्चपेक्षा जास्त शांतता आहे. मी शेवटची बाई होईपर्यंत इथनं हलत नाही."

आमच्याकडे असंच होतं. जिथं म्हातारी विणकाम घेऊन बसली, ती जागा बायकांना मोकळी. पाद्रीणबाईंनी ओले हात पुसले, हनुवटी वर केली आणि उंबरठा ओलांडला. मग काय, एक आत जायची, एक बाहेर येऊन दांडकं धरायची. माझी उकळी एकदासुद्धा मोडली नाही.

पण पहिली सही आजीचीच. साहेबांनी घसा साफ केला. "बाई, आपल्याला एकवीस वर्षं पूर्ण झाली आहेत का?"

आजी त्यांच्याकडे बघतच राहिली.

"नियमाप्रमाणे विचारावं लागतं," साहेब कानापर्यंत लाल झाले.

"विचारा हो, विचारा," आजी म्हणाली. "मला विचारलेलं फार आवडतंय."

"व्यवसाय काय लिहू?"

"स्वयंपाक, धुणं, शिवण, बाळंतपणं, कोंबड्या, बटाट्याचं रान, आजाऱ्यांच्या उशाशी बसणं, मेलेल्यांना आंघोळ..." आजी थांबली. "एवढी जागा आहे का त्यात?"

"एकच ओळ आहे, बाई. बाकीच्या गावांत 'घरकाम' लिहितायत."

"लिहा मग. पण लिहिताना दम लागल्यासारखं लिहा."

तिनं टाक शाईत बुडवला आणि पूर्ण नाव लिहिलं. ते बाळबोध, सरळ अक्षर साहेबांनी टीपकागदानं हळूच टिपलं. टिबीची सही मात्र साबणाच्या फेसानं जरा पसरली. साहेब म्हणाले, चालेल.

गाडी निघाली तेव्हा काल्डर क्रीकमधली एकही बाई यादीबाहेर राहिली नव्हती. आणि संध्याकाळी हॉस्किनच्या चादरी अशा पांढऱ्या झाल्या होत्या की त्यावर झोपणाऱ्यांना पुढे आठवडाभर दिवस आहे की रात्र कळायचं नाही. हॉस्किनशी कुणी भांडलं नाही. त्याचा बारही कुणी बंद पाडला नाही. उगाच घाबरला तो.

मतदान झालं शाळेत, मंगळवारी. इस्त्र्या सकाळीच उरकल्या. हवालदार डॉइग कडक खळ दिलेल्या गणवेशात दाराशी उभा, मान वळवता येईना. आजी काळी टोपी घालून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. टिबी घाबरली. शेवटी आजी आली, गालावर लाली.

"कुणाला दिलं, आई?"

"ते गुपित असतं म्हणे."

"अहो, मला तरी सांगा!"

"कुणालाच नाही," आजी म्हणाली, आणि अशी हसली की तिचा एकुलता एक दात उन्हात चमकला. "ब्याऐंशी वर्षांत माझ्याकडे असं काही नव्हतं जे घरातल्यांना माहीत नाही. आता आहे."

घरी आल्यावर ती मागच्या अंगणात आली. टिबीनं मला परत विटांत बसवलं होतं. आजीनं इकडेतिकडे बघितलं, माझं झाकण उचललं, डोकं आत घातलं आणि हळूच सांगितलं. मला. फक्त मला.

पुढची निवडणूक आजीनं पाहिली नाही. तेव्हा टिबी एकटी शाळेत गेली, आजीची काळी टोपी घालून.

मग माझेही दिवस फिरले, मित्रांनो. विजेची यंत्रं आली. सोमवार साधा वार झाला. मला परसात टाकलं, कोंबड्यांनी माझ्यात अंडी घातली, पावसानं मला हिरवं केलं. भंगारवाला दोनदा तोलून बघून गेला. शेवटी टिबीच्या नातसुनेनं मला उचलून शाळेच्या अंगणात आणून ठेवलं. तुम्ही माझ्यात बसता, लपता, पावसाचं पाणी साठवून होड्या सोडता. खुशाल करा. आणि वर्षात एकदा लिंबू नि मीठ लावून घासायला हरकत नाही. म्हातारीलाही चमकायला आवडतं. फक्त मला भोक पाडू नका आणि भंगारात देऊ नका. आणि हेही ऐका. उद्या मोठे व्हाल, तुमचंही नाव यादीत लागेल. त्या दिवशी ऊन आहे, पाऊस आहे, धुणं पडलंय, असली कारणं काढून घरी बसू नका. एवढा एक दिवस मिळावा म्हणून कुणीतरी आपलं चुलाण फोडलंय.

अजून काय हवंय? हां, तेच! तुमच्यातलं एखादं द्वाड पोर रोज मधल्या सुट्टीत येतं, माझ्यात डोकं खुपसतं आणि ओरडतं, "सांग ना, आजीनं कुणाला दिलं?"

मी त्याला त्याचाच प्रश्न परत देते. घुमवून, मोठा करून.